न्यूझीलंडमधील कॅम्परव्हॅन प्रवास

कॅम्परव्हॅन म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले मोटारवाहन होय. न्यूझीलंडमध्ये असे वाहन भाड्याने घेऊन देशभर फिरण्याची पद्धत रूढ आहे. मात्र मुक्काम कोठे करता येईल, हे वाहनातील सोयींवर अवलंबून असते. २०११ च्या मुक्त मुक्कामविषयक कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 'स्वयंपूर्ण' वाहनाच्या प्रमाणपत्रासाठी कायमस्वरूपी बसवलेले शौचालय अनिवार्य ठरले. स्थानिक परिषदांच्या सार्वजनिक जागेवर रात्र काढण्यास सामान्यतः असेच वाहन लागते. नियमभंगास दंड होतो. प्रमाणपत्र नसल्यास प्रवाशांना बहुधा सशुल्क तळांवर थांबावे लागते. त्यामुळे भाडेकरारापूर्वी वाहनावरील हिरवे प्रमाणपत्र तपासणे महत्त्वाचे असते. वाहतूक भारताप्रमाणे डाव्या बाजूने चालते. उत्तर व दक्षिण बेटांमधील वेलिंग्टन–पिक्टन फेरीबोटीस सुमारे साडेतीन तास लागतात.