गॅमा स्फोट टिपायला दोन उपग्रह कशाला?

परतूर तालुक्यात, दुधनाकाठच्या मोकळ्या शिवारात अमावास्येच्या रात्री उभं राहिलं तरी आकाश दिसतं ते अर्धंच. उरलेलं पायाखालच्या पृथ्वीआड असतं. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या उपग्रहाचीही हीच अडचण आहे.

17 ऑगस्ट 2017 रोजी सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेला गॅमा किरणांचा झोत आपल्यापर्यंत पोहोचला. तो जेमतेम दोन सेकंद टिकला. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह नेमका तेव्हा पृथ्वीच्या आड होता, त्यामुळे त्याला तो दिसला नाही.

असा स्फोट कधी, कुठे होईल हे आधी कळत नाही. शिवाय वातावरण हे किरण शोषून घेतं, म्हणून पहारा अवकाशातूनच द्यावा लागतो. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडलेल्या ‘दक्ष’ मोहिमेत पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन सारखे उपग्रह असतील. एकाच्या नजरेआडचं आकाश दुसरा पाहील.

झोताची दिशा कशी कळेल? गॅमा किरण साध्या भिंगाने एकवटत नाहीत. म्हणून उपग्रहाच्या घुमटावर निरनिराळ्या दिशांना तोंड करून संवेदक बसवायचे. घराची कोणती भिंत किती तापली हे हाताने चाचपलं की ऊन कुठून आलं ते समजतं. तसंच कोणत्या संवेदकावर किती किरण पडले यावरून स्फोटाची दिशा काढता येते.

मराठवाड्यातच, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहणार आहे. ती अशा टकरींच्या गुरुत्वीय लहरी टिपेल. तिच्या जोडीला ‘दक्ष’ अवकाशात जायलाच हवी.