थोड्या पैशांत पक्की धास्ती

घरात भूत आहे हे कळूनही ही माणसं तिथून निघून का जात नाहीत? भयपट पाहताना हा प्रश्न हमखास पडतो. रेमी वीक्स या ब्रिटिश दिग्दर्शकाने ‘हिज हाउस’ (2020) या आपल्या पहिल्याच चित्रपटात त्याचं चोख उत्तर दिलं. दक्षिण सुदानमधल्या युद्धातून जीव वाचवून आलेलं बोल आणि रिआल हे जोडपं इंग्लंडमध्ये आश्रय मागतं. सरकार त्यांना एक पडकं घर देतं. दुसरीकडे राहायचं नाही, नोकरी करायची नाही. अट मोडली तर परत पाठवणी. भिंतींआडून आवाज येतात, पण जाणार कुठे? वीक्स यांना पदार्पणाचा बाफ्टा मिळाला, तो अगदी योग्य होता.

ब्रिटिश भयपटाला पैशांची चणचण नवी नाही. ‘हॅमर’ कंपनीने 1950 च्या दशकापासून टेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत तेच ते सेट फिरवून वापरले. मार्क प्राइस यांचा ‘कॉलिन’ हा झोंबीपट तर अवघ्या 45 पौंडांत झाल्याचं सांगितलं जातं. वीक्स यांच्यासारख्या नव्या दिग्दर्शकांचं वेगळेपण काटकसरीत नाही, विषयाच्या निवडीत आहे. राक्षस विकत घेणं परवडत नाही, म्हणून लोक खरोखर ज्याला घाबरतात तेच त्यांनी उचललं.

रॉब सॅव्हेज यांचा ‘होस्ट’ पाहा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी झूमवर मित्रमंडळींची फिरकी घेतली: माळ्यावर कसला आवाज येतोय ते बघायला म्हणून ते वर चढले आणि तिथे अचानक एक भयानक चेहरा समोर आला. ही क्लिप प्रचंड पाहिली गेली आणि साधारण 12 आठवड्यांत अख्खा चित्रपट तयार झाला. दिग्दर्शक कलाकारांच्या खोलीत कधी गेलेच नाहीत. कॅमेरा लावणं, प्रकाशयोजना, मेकअप सगळं कलाकारांनी आपापल्या घरी केलं. कथेत मैत्रिणी झूमवर प्रेतात्म्याला बोलावतात. एक जण जमिनीवर पीठ पसरते, आणि त्यावर पावलं उमटू लागतात. झूमचा गमतीचा मुखवटा समोर कुणीच नसताना हवेत एका चेहऱ्यावर चिकटतो. खर्च जवळपास काही नाही, पण घरात एकट्याने अडकलेल्या प्रेक्षकाची त्या उन्हाळ्यात बोबडी वळली.

रोझ ग्लास यांची वाट अधिक अंतर्मुख आहे. ‘सेंट मॉड’मध्ये (2019) स्कारबरो या कळा गेलेल्या समुद्रकिनारी गावात एक तरुण परिचारिका मरणपंथाला लागलेल्या नर्तिकेची सेवा करते आणि तिचा आत्मा तारण्याचा ध्यास घेते. देव आपल्याशी बोलतो अशी तिची खात्री आहे. मॉर्फिड क्लार्क हिने ही भूमिका अशी केली आहे, की मॉडची भीती वाटते आणि त्याहून जास्त कीव येते. एकटेपणावर इतक्या जवळून बोलणारा भयपट विरळा. प्रानो बेली-बाँड यांनी ‘सेन्सॉर’मध्ये (2021) 1980 च्या दशकातला व्हिडिओ कॅसेटचा गदारोळ घेतला, हिंसक कॅसेटींनी समाज बिघडतो अशी तेव्हा ब्रिटनभर ओरड होती. त्यांची नायिका हेच चित्रपट कापणारी सेन्सॉर अधिकारी आहे.

हॉलिवूडने यांतल्या काहींना लगेच हेरलं. सॅव्हेज यांनी 2023 मध्ये स्टीफन किंग यांच्या कथेवर ‘द बूगीमॅन’ केला. त्यात राक्षस प्रत्यक्ष दिसतो, पण पिठातल्या त्या पावलांची सर त्याला येत नाही. या चित्रपटांशी ओळख करून घ्यायची असेल, तर आधी ‘होस्ट’च पाहावा: तासाभराच्या आतला आहे आणि टीव्हीपेक्षा लॅपटॉपवर, हेडफोन लावून जास्त भिडतो.