व्यावसायिक नामफलक व संपर्क-तपशील : कायदेशीर तरतुदी आणि त्यांचे प्रयोजन

प्रस्तावना :
दुकानावरील पाटी ही सामान्यतः जाहिरातीचे साधन मानली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती उत्तरदायित्वाची खूण आहे. आपला व्यवहार नेमका कोणाशी झाला हे ग्राहकास ठाऊक नसेल, तर तक्रार कोणाविरुद्ध करावी आणि नोटीस कोठे बजावावी, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. प्रस्तुत लेखात यासंबंधीच्या प्रमुख तरतुदींचे विवेचन केले आहे.

कंपन्यांविषयीच्या तरतुदी :
कंपनीच्या सभासदांचे दायित्व मर्यादित असते. म्हणून तिची ओळख उघड असणे अधिक आवश्यक ठरते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ नुसार जेथे जेथे कंपनीचा व्यवसाय चालतो, त्या प्रत्येक जागेबाहेर तिचे नाव व नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता सुवाच्य अक्षरांत लावावा लागतो. ती अक्षरे स्थानिक भाषेची नसल्यास स्थानिक भाषेच्या लिपीतही मजकूर देणे बंधनकारक आहे. पत्रे, बिले व सूचना यांवर नाव, पत्ता, कंपनी ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि असल्यास ई-मेल व संकेतस्थळ छापावे लागते. मागील दोन वर्षांत नाव बदलले असल्यास पूर्वीचे नावही द्यावे लागते. कसूर झाल्यास प्रतिदिन १,००० रुपये, कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो.

करविषयक व ग्राहकविषयक तरतुदी :
केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ च्या नियम १८ नुसार नोंदणी प्रमाणपत्र ठळक जागी व नोंदणी क्रमांक प्रवेशद्वाराजवळील नामफलकावर असावा लागतो. आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार तक्रारीसाठी संपर्क साधावयाच्या व्यक्तीचे वा कार्यालयाचे नाव, पत्ता व दूरध्वनी वेष्टनावर द्यावा लागतो. ई-कॉमर्सला दुकानाचा दर्शनी भाग नसतो. तेथे २०२० च्या नियमांनुसार कायदेशीर नाव, मुख्य पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील संकेतस्थळावर देणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील मराठी नामफलक :
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापनेही मराठी फलकाच्या बंधनात आली. देवनागरीतील मराठी अक्षरे प्रारंभी असावीत व इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा दंडक आहे. अन्य भाषांना मनाई नाही, ही बाब मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यापाऱ्यांची याचिका फेटाळताना अधोरेखित केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

एक उणीव :
भाषेच्या वादात मूळ प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. फलक मराठीत असला, तरी त्यावरून मालक कोण हे कळेलच असे नाही. एकल मालकाने निराळ्या नावाने व्यवसाय केल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३०, नियम १० नुसार त्या नावावर दावा लावता येतो. परंतु हुकूमनाम्याची वसुली अखेर व्यक्तीकडूनच करावयाची असते. वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या लहान व्यावसायिकाबाबत नोंदणी क्रमांकावरून मालकाचा शोध घेण्याचा मार्गही उपलब्ध नसतो. ब्रिटनच्या कंपनी कायदा, २००६ च्या भाग ४१ मध्ये अशा व्यावसायिकाने स्वतःचे नाव व नोटीस स्वीकारण्याचा पत्ता व्यवसायाच्या जागी आणि कागदपत्रांवर देण्याची तरतूद आहे. भारतात त्या धर्तीचा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

निष्कर्ष :
वरील तरतुदी विविध कायद्यांत विखुरलेल्या असल्या, तरी त्यांचे प्रयोजन एकच आहे : व्यवहारामागील उत्तरदायी व्यक्ती शोधता यावी. नामफलक ग्राहकास वाचता येणे आवश्यक आहेच. त्यावरून जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचता येणेही तितकेच आवश्यक आहे.