मॉनिटरची केबल काढली की विंडोंचा पसारा का होतो?

ऑफिसमध्ये किंवा घरी लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मोठ्या स्क्रीनवर डावीकडे ब्राउझर, उजवीकडे एक्सेल, लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर मेल आणि चॅट, अशी सगळी मांडणी एकदम व्यवस्थित लावलेली असते. मग मीटिंगचं बोलावणं येतं. केबल काढायची, लॅपटॉप उचलायचा, अर्ध्या तासाने परत यायचं, केबल लावायची. आणि बघायचं तर काय, सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर एकमेकींच्या उरावर बसलेल्या. एखादी तर गायबच. खालच्या पट्टीत तिचं चिन्ह दिसतंय, क्लिक केलं की चमकतंय, पण विंडो काही समोर येत नाही.

बरेच जण याला ‘लॅपटॉप जुना झाला’ किंवा ‘केबल खराब आहे’ असं म्हणून सोडून देतात आणि दिवसातून दोन-तीनदा तीच मांडणी हाताने करत बसतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. कॉम्प्युटर त्याच्या हिशेबाने बरोबरच वागत असतो. तो हिशेब एकदा कळला की काय बदलायचं तेही कळतं.

(पुढे ‘विंडोज’ म्हणजे मायक्रोसॉफ्टची सिस्टीम आणि ‘विंडो’ म्हणजे स्क्रीनवरची चौकट. नाव ठेवणाऱ्यांनीच हा घोळ घालून ठेवलाय, इलाज नाही.)

दोन स्क्रीन, पण कागद एकच

आपल्याला टेबलावर दोन वेगळे स्क्रीन दिसतात. विंडोजला मात्र एकच मोठा कागद दिसतो. शाळेतल्या आलेख वहीसारखा. मुख्य स्क्रीनचा डावा वरचा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली ठिपके मोजत जायचं.

समजा लॅपटॉपचा स्क्रीन १९२० ठिपके रुंद आहे आणि तोच मुख्य आहे. मॉनिटर त्याच्या उजवीकडे लावलाय. मग मॉनिटरची हद्द १९२० पासून पुढे सुरू होते. तुम्ही तिकडे नेऊन ठेवलेलं एक्सेल समजा २५०० व्या ठिपक्यावर बसलंय. मॉनिटर डावीकडे असेल तर गंमत आणखी वाढते. तिथले आकडे चक्क उणे होतात, उणे १९२० ते उणे १.

आता केबल काढली. कागद फाटून अर्धा झाला. २५०० वा ठिपका अस्तित्वातच उरला नाही. तिथे बसलेल्या विंडोला कुठेतरी जागा द्यायला हवी, म्हणून विंडोज तिला उचलून उरलेल्या स्क्रीनवर टाकतं. लॅपटॉपचा स्क्रीन लहान असेल तर तिचा आकारही आक्रसतो. केबल परत लावली की कागद पुन्हा मोठा होतो, पण विंडो आपल्या जुन्या जागी परत गेली पाहिजे, हे कुणीतरी लक्षात ठेवायला हवं ना? कित्येक वर्षं विंडोज ते नीट लक्षात ठेवतच नव्हतं.

गायब झालेल्या विंडोचं उत्तरही इथेच आहे. काही प्रोग्रॅम, विशेषतः जुने, बंद होताना आपली शेवटची जागा स्वतःच लिहून ठेवतात. पुढच्या वेळी मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे न बघता थेट त्याच जागी उघडतात. म्हणजे प्रोग्रॅम सुरू आहे, पण जिथे कागदच नाही अशा ठिकाणी.

तिला परत आणायचा मार्ग असा. ऑल्ट आणि टॅब दाबून ती विंडो निवडा, मग विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा. विंडो एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर उडी मारते. त्यानेही आली नाही तर ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, छोटा मेनू उघडेल, त्यात ‘मूव्ह’ निवडा. मग कुठलाही एक बाण एकदा दाबून माउस हलवला की विंडो माउसला चिकटून येते. ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल तर आधी ‘रिस्टोर’ करावं लागतं.

मॉनिटर झोपला की गेला?

केबल काढल्यावर पसारा होतो हे एक वेळ समजू शकतो. पण कित्येकांच्या बाबतीत केबल काढलेलीच नसते. चहाला उठलं, स्क्रीन झोपला, परत येऊन माउस हलवला, तर सगळं विस्कटलेलं.

याचं कारण केबलमधल्या एका बारीकशा तारेत आहे. मॉनिटर जोडलेला आहे की नाही हे कॉम्प्युटरला सांगण्यासाठी एक वेगळा सिग्नल असतो, त्याला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी शेवटची पिन याच कामासाठी राखून ठेवलेली आहे. डिस्प्लेपोर्टमध्येही अशीच एक पिन असते. सिग्नल आहे म्हणजे मॉनिटर आहे, सिग्नल गेला म्हणजे मॉनिटर गेला. इतका सरळ हिशेब.

घोळ असा होतो की काही मॉनिटर झोपताना किंवा बटणाने बंद केल्यावर हा सिग्नलही बंद करतात. कॉम्प्युटरला वाटतं, केबल काढली. तो लगेच सगळ्या विंडो उचलून लॅपटॉपवर आणतो. मॉनिटर जागा झाला की पुन्हा ‘नवा पाहुणा आला’ म्हणून सुरुवातीपासून सुरू. डिस्प्लेपोर्टवर हा त्रास जास्त दिसायचा. म्हणूनच ‘एचडीएमआय लावलं आणि प्रॉब्लेम गेला’ असं सांगणारे लोक भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

२०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्प्लेपोर्टच्या बाबतीतली ही अडचण जाहीरपणे मान्य केली आणि दुरुस्ती आणत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं. त्यात सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ‘मल्टिपल डिस्प्लेज’ असं आत गेलं की दोन चौकोन सापडतात. एक, ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’. कुठला मॉनिटर जोडलेला असताना कुठली विंडो कुठे होती हे लक्षात ठेव, असा त्याचा अर्थ. दुसरा, ‘मिनिमाइझ विंडोज व्हेन अ मॉनिटर इज डिस्कनेक्टेड’. म्हणजे मॉनिटर गेला तर त्याच्यावरच्या विंडो लॅपटॉपवर ओतू नकोस, खाली दुमडून ठेव. दोन्हींवर टिक असेल तर केबल काढताना लॅपटॉपचा स्क्रीन मोकळा राहतो आणि परत लावल्यावर बहुतेक विंडो आपापल्या जागी जातात.

‘बहुतेक’ म्हणायचं कारण म्हणजे मॉनिटरची ओळख. प्रत्येक मॉनिटर जोडल्याबरोबर स्वतःचं छोटं ओळखपत्र कॉम्प्युटरला देतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कोणत्या आकारात चित्र दाखवू शकतो, आणि बऱ्याचदा अनुक्रमांक. हे ओळखपत्र मूळ रूपात फक्त १२८ बाइटचं असतं. एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर असतील आणि अनुक्रमांक नीट भरलेला नसेल, तर कॉम्प्युटरला जुळी भावंडं समोर उभी असल्यासारखं होतं. डावा कोण आणि उजवा कोण? अशा वेळी निदान प्रत्येक मॉनिटर रोज त्याच पोर्टमध्ये लावणं हा साधा उपाय उपयोगी पडतो.

विंडोज १० मध्ये हे दोन चौकोन नाहीत. त्या सिस्टीमचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे तिथे ते येण्याची आशाही धरू नये. अशांनी मॉनिटरच्याच मेनूत जाऊन ‘डीप स्लीप’सारखा पर्याय आहे का ते बघावं. असेल तर तो बंद करून पाहायला हरकत नाही.

मग मांडणी करायची कशी?

१९८५ साली आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या विंडो एकमेकींवर येऊच शकत नव्हत्या. फरशा बसवल्यासारख्या शेजारी शेजारी राहायच्या. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर सरकू लागल्या आणि ती मोठी प्रगती मानली गेली. आज सगळे पुन्हा फरशांकडे वळलेत. २००९ मध्ये विंडोज ७ ने विंडो कडेला ओढली की अर्ध्या स्क्रीनवर चिकटवायची सोय दिली. विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि झेड दाबलं की मांडणीचे तयार नमुने समोर येतात. तीन उभ्या पट्ट्यांचा नमुना लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर सहसा दिसत नाही, मोठ्या मॉनिटरवर दिसतो. त्यामुळे ‘माझ्याकडे तो पर्यायच नाही’ असं वाटलं तर नमुने कुठल्या स्क्रीनवर उघडलेत ते आधी बघावं.

ज्यांना हे नमुने अपुरे वाटतात त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं मोफत पॅकेज आहे. त्यातल्या फॅन्सीझोन्समध्ये स्क्रीनचे हवे तसे भाग आखता येतात. शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती आखलेल्या भागात बसते. २०२४ मध्ये त्यात वर्कस्पेसेस आलं. ठरवलेले चार-पाच प्रोग्रॅम एका क्लिकवर, ठरवलेल्या जागी उघडतात. रोज सकाळी तेच प्रोग्रॅम उघडणाऱ्यांना विंडोज ११ मधली सगळ्यात कामाची गोष्ट बहुधा हीच वाटेल, आणि तिच्याबद्दल बोलणारे लोक मात्र फार कमी आहेत.

त्याआधी एक अगदी साधी गोष्ट. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे आकडे असलेले चौकोन दिसतात. ते टेबलावर स्क्रीन जसे ठेवलेत तसेच ओढून लावायला हवेत, वर-खालीसुद्धा. मॉनिटर डावीकडे आणि चौकोन उजवीकडे असेल, तर माउस नेहमी चुकीच्या कडेला जाऊन आपटणार. आणि दिवसाचं मुख्य काम ज्या स्क्रीनवर होतं तो बरोबर समोर हवा. मोठा मॉनिटर कोपऱ्यात आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवून दिवसभर मान वळवणारे लोक प्रत्येक ऑफिसात सापडतात.

विंडो एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर नेली की अक्षरं एकदम लहान-मोठी होतात, त्याचंही कारण आकड्यांत आहे. १९२० बाय १०८० ठिपके १४ इंचाच्या लॅपटॉपवर बसवले तर एका इंचात साधारण १५७ ठिपके येतात. तेच २४ इंची मॉनिटरवर जेमतेम ९२. म्हणून लॅपटॉपवर अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करून दाखवली जातात, मॉनिटरवर १०० टक्के. विंडो हद्द ओलांडताना प्रोग्रॅमने स्वतःला नव्या मापाने पुन्हा रेखाटायचं असतं. जुने प्रोग्रॅम ते करत नाहीत आणि धूसर दिसतात. असा प्रोग्रॅम रोज लागत असेल तर त्याला एकाच स्क्रीनवर कायमचं घर द्यावं आणि तिथेच उघडावं.

प्रोजेक्टरसमोर इज्जतीचा प्रश्न

इथपर्यंत प्रश्न सोयीचा होता. कॉलेजच्या सेमिनारमध्ये किंवा क्लायंटसमोर लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की तो वेगळाच होतो, कारण सिस्टीमच्या दृष्टीने प्रोजेक्टर हाही एक मॉनिटरच. विंडोज बटण आणि पी दाबलं की चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये तुमच्या लॅपटॉपवर जे दिसतं ते सगळं भिंतीवर दिसतं. ‘एक्स्टेंड’मध्ये भिंत हा कागदाचा वाढीव भाग होतो. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड लोकांना आणि नोट्स फक्त स्वतःला दिसायला हव्या असतील तर एक्स्टेंडच लागतं.

पण इथे एक खाच आहे, आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. डुप्लिकेट केल्यावर विंडोज ११ सहसा आपणहून ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करतं, म्हणजे नोटिफिकेशनच्या पट्ट्या येत नाहीत. एक्स्टेंडमध्ये तसं होत नाही. आणि या पट्ट्या उमटतात त्या मुख्य स्क्रीनवर. म्हणजे एखाद्याने चुकून प्रोजेक्टरला मुख्य स्क्रीन करून ठेवलं असेल, तर मित्राचा व्हॉट्सॲप मेसेज थेट वर्गासमोर. म्हणून बोलायला उभं राहण्याआधी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर टिक आहे का ते बघायचं आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ हाताने चालू करायचं. ऑनलाइन मीटिंगमध्येही अख्खा स्क्रीन शेअर करण्यापेक्षा एकच विंडो शेअर करणं केव्हाही बरं.

मॅकवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे विंडो कडेला चिकटवायची सोय सिस्टीममध्ये यायला २०२४ चं सिक्वोया उजाडावं लागलं. तोवर रेक्टँगलसारखी मोफत ॲप वापरावी लागायची, आणि सवय झालेले अजूनही तीच वापरतात. उलट, मॅकमध्ये प्रत्येक स्क्रीनचे व्हर्च्युअल डेस्कटॉप वेगवेगळे बदलता येतात. विंडोजमध्ये डेस्कटॉप बदलला की दोन्ही स्क्रीन एकदमच बदलतात. मॅकवर एकच विंडो दोन स्क्रीनवर पसरवायची असेल तर मात्र ‘डेस्कटॉप अँड डॉक’मधला ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ हा पर्याय बंद करावा लागतो, आणि तो बदल लागू व्हायला एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं.