एका नाणेयंत्राची दुरुस्ती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते विज्ञान शिकवीत. बिघडलेली वस्तू उघडून पाहिल्यावाचून टाकू नये, असा त्यांचा दंडक होता. मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. यंत्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो केवढा! परंतु एका यंत्रात माझे निवृत्तिवेतनातील काही पैसे अडकले आणि त्या निमित्ताने ते मला समजून घ्यावे लागले.

हे यंत्र कूटचलन मिळविण्याचे. त्याचे नाव अँटमायनर एस-९. ही जात २०१६ साली बाजारात आली. २०२१ मध्ये चीनने आपल्या देशात या व्यवसायास बंदी केली आणि जुनी यंत्रे जगभर विक्रीस निघाली. त्याच वर्षी, येथे उद्यमबागेत दुरुस्तीचे काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असे एक यंत्र घेतले. निम्मे पैसे त्याच्या वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतले, निम्मे माझे. यंत्राचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. त्याच्या घरी तो सोसवेना, म्हणून ते माझ्या मागच्या खोलीत आले. २०२२ मध्ये भाव कोसळला तेव्हा आम्ही ते बंद करून ठेवले.

या उद्योगास इंग्रजीच्या अनुकरणाने ‘खनन’ म्हणतात. भाषेचा मनुष्य म्हणून मला हा शब्द खटकतो. येथे खणले काहीच जात नाही. यंत्र केवळ अटकळ बांधते. व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा घ्यायचा, त्याच्या शीर्षाशी एक आकडा जोडायचा आणि ठरलेल्या गणिती रीतीने त्याचा सार काढायचा. हा सार ठरावीक मर्यादेहून लहान निघाला तर जिंकलो. नाही तर आकडा बदलून पुन्हा तेच. उत्तर आधी ओळखण्याची युक्ती नाही. आमचे यंत्र सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अटकळी बांधते. बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दहा मिनिटांना एकच गठ्ठा बसतो. यंत्रे वाढली की मर्यादा अधिक कडक होते. म्हणून लहान धनी संघात सामील होऊन कामाच्या प्रमाणात वाटा घेतात.

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही धूळ झटकून यंत्र चालू केले. तीनपैकी दोनच बोर्ड जागे झाले.

प्रत्येक बोर्डावर त्रेसष्ट चिपा असतात. तीन-तीन चिपांचा एक गट, असे एकवीस गट. गटातील तिघी समांतर; परंतु गट मात्र एकामागून एक जोडलेले, जुन्या दिवाळीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे. प्रत्येक गटाच्या वाट्याला सुमारे ०.४ व्होल्ट येतात. एक गट तुटला की माळ विझते. संदेशांचेही तसेच. विहिरीपासून हौदापर्यंत माणसे उभी करून बादल्या हातोहात द्याव्यात, तशी आज्ञा पहिल्या चिपेपासून शेवटच्या चिपेकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने उलट येते. मधल्या एकाने हात आखडला की पलीकडची सारी माणसे धडधाकट असूनही निकामी.

येथेच दुरुस्तीची किल्ली आहे. यंत्र आपली रोजनिशी ठेवते. तीत लिहिले होते : त्रेसष्टांपैकी एकेचाळीस चिपा सापडल्या. म्हणजे दोष एकेचाळिसावी आणि बेचाळिसावी यांच्या सांध्यापाशी. माझ्या विद्यार्थ्याने मल्टिमीटरने दोहोंकडील दाब मोजला. बेचाळिसावीपाशी उत्तराच्या तारेवर १.८ व्होल्ट असावयास हवे होते, ते नव्हते. “सर, ही मेली असेल किंवा नुसता डाक सुटला असेल,” तो म्हणाला. बेळगावचा पावसाळा आणि तीन वर्षांची धूळ यांनी दुसरी शक्यता बळावली.

त्याने गरम हवेच्या यंत्राने वरचा उष्णतावाहक पंखुडीचा तुकडा सोडविला, चिप उचलली, जागा स्वच्छ केली, दोन्हीकडे नवे कथील लावले आणि चिपेच्या कोपऱ्यावरील खूण जुळवून ती बसविली. दिशा चुकली तर चिप जळते. तुकडा पुन्हा चिकटविण्याआधी “एकदा चालवून पाहू या का?” असे मी म्हणालो, तेव्हा तो माझ्यावर जवळजवळ ओरडला. उघडी चिप काही क्षणांत करपते.

अशा दोषासह यंत्र चालविता येते का? येते. बिघडलेल्या बोर्डाची वीज व संदेशाची तार दोन्ही काढावी; उरलेले दोन चालतात. चिप अर्धवट बिघडून चुकीची उत्तरे देऊ लागली तरी नियंत्रक ती तपासून टाकून देतो. चलनास धोका नाही, वीज मात्र वाया जाते. पंखा बंद पडला की यंत्र आपण होऊन थांबते. काही जण खोटा इशारा देऊन त्याला फसवितात. हे मला सर्वथा अमान्य आहे. आत बारा व्होल्टच असतात, त्यामुळे झटका बसत नाही. पण शंभराहून अधिक अँपिअर वाहतात आणि एक सैल जोडणी खोली पेटविण्यास पुरेशी होते. एका बोर्डाच्या तिन्ही जोडण्या लावल्याच पाहिजेत, आणि त्या एकाच वीजपेटीतून.

संध्याकाळी रोजनिशीत त्रेसष्ट हा आकडा उमटला. आम्ही दोघांनी पेढे खाल्ले. रात्री मी हिशेब मांडला.

तीन बोर्ड म्हणजे सुमारे १,३२० वॅट, दिवसाला जवळजवळ ३२ युनिट. सात रुपये दर धरला तर सव्वादोनशे रुपये. तेव्हा जगातील सर्व यंत्रांचा मिळून वेग आमच्या यंत्राच्या सुमारे साडेसहा कोटी पट होता. एकट्याने एक गठ्ठा जिंकण्यास सरासरी बाराशे वर्षांहून अधिक काळ लागला असता. एप्रिल २०२४ पासून एका गठ्ठ्याचे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन, म्हणजे आमचा रोजचा वाटा साठ रुपयांच्या आत-बाहेर. २०२२ पासून आपल्याकडे या उत्पन्नावर तीस टक्के कर आहे आणि त्यातून विजेचा खर्च वजा करता येत नाही. कर बाजूला ठेवला तरी दोन बोर्डांवर रोज एकशे दहा रुपये जात होते. दुरुस्तीनंतर एकशे पासष्ट. यंत्र जितके निरोगी, तितका तोटा मोठा!

सकाळी मी हा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. वडिलांना काय सांगावे, हे त्याला सुचेना. मी त्याच्याबरोबर गेलो आणि निम्मा दोष माझा असल्याचे त्यांच्यासमोर सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी मुलाला विचारले, “बेचाळिसावी चिप तूच बसवलीस ना?”

यंत्र आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, वीज न जोडता. बोर्ड उघडाच ठेवला आहे. बेचाळिसाव्या चिपेपाशी त्याने लाल ठिपका दिला आहे.