शेणाची जागा शेतात, बाळाच्या बेंबीवर नाही

बाळंतीण घरी आली की पहिल्याच दिवशी प्रश्न निघतो, बाळाच्या बेंबीला काय लावायचं? आजी म्हणते हळद-तेल, मामी म्हणते गोवरीची राख, गावाकडून आलेली आत्या ताज्या शेणाचं नाव काढते. नर्स म्हणून माझं उत्तर एकच आहे. काहीही नाही. नाळ कोरडी ठेवा, लंगोट बेंबीच्या खाली बांधा. ती आपोआप सुकते आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळून पडते.

असं का, ते नीट समजून घेऊ. नुसतं ‘नको’ म्हटलं तर आजी ऐकत नाही, आणि तिने का म्हणून ऐकावं?

गाय, म्हैस, घोडा यांच्या आतड्यात इतर असंख्य जंतूंबरोबर धनुर्वाताचा जंतूही असू शकतो. जनावराला तिथे त्याचा त्रास होत नाही. शेणा-लिदीबरोबर तो बाहेर येतो आणि स्वतःभोवती जाड कवच करून निपचित पडून राहतो. अशा अवस्थेत तो मातीत वर्षानुवर्षं टिकतो. ऊन त्याला मारत नाही, फिनेल मारत नाही, थोडा वेळ उकळलं तरी तो मरत नाही. त्याला जागं व्हायला एकच गोष्ट लागते, जिथे हवा पोचत नाही अशी जागा. खोल गेलेला खिळा, चिरडलेलं बोट, किंवा नुकतीच कापलेली नाळ. नाळेचा तुकडा म्हणजे मरत चाललेलं मांस. त्यावर शेण लिंपलं की हवा आणखीच बंद होते.

जागा झालेला जंतू जखमेतच राहतो, पण त्याचं विष नसांमधून मज्जारज्जूपर्यंत जातं. स्नायू आखडतात, ते सुटतच नाहीत. पाठ धनुष्यासारखी वाकते, म्हणून धनुर्वात. बाळ पहिले दोन दिवस छान दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसापासून पुढे, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच, ते ओढेनासं होतं. जबडा घट्ट बसतो. नुसता हात लावला, दार वाजलं, उजेड पडला तरी झटके येतात. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक बाळं दगावतात. पाचवी-सहावीच्या सुमारास हे व्हायचं म्हणून किती घरांत सटवाईचं नाव घेतलं गेलं! सटवाईचा काही संबंध नव्हता. जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला तेवढे दिवस लागतात, इतकंच. केनिया-टांझानियातल्या मासाई गुराख्यांमध्येही नाळेला शेण लावण्याची चाल होती, आणि तिथेही बाळं याच रोगाने जात.

आपल्या देशात हे चित्र बदललं. गरोदरपणात लस, दवाखान्यात बाळंतपण, आणि दाईंना शिकवलेल्या पाच स्वच्छता : स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावणं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतात माता व नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. पण या निर्मूलनाचा अर्थ रोग संपला असा नाही. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो, असा आहे. देवीचा रोग जगातून गेला तसा हा जाणार नाही, कारण जंतू माणसात नाही, मातीत आणि शेणात आहे.

याची मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. १९१४ साली फ्रान्स आणि बेल्जियममध्ये सैनिक ज्या शेतांतून लढत होते, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या शेणखत-लीद पडलेली होती. जखमांत तीच माती गेली आणि धनुर्वाताने तरणे जवान मरू लागले. त्यात आपल्याकडून गेलेले सैनिकही होते. विषावरचा उतारा १८९० मध्येच बेरिंग आणि किटासाटो यांनी शोधला होता. तो घोड्याच्या रक्तापासून बनवत. जखमी होताच ते इंजेक्शन देणं सुरू झालं आणि रोग झपाट्याने खाली आला.

इथे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं. कसं? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत ते पुन्हा तळ्यात ओतलं. आरोग्याच्या वहीत याची नोंद कशी करायची? माणसाच्या ओंजळीने पाणी बाटत नाही. पिण्याच्या पाण्यात शेण गेलं की मात्र हगवण आणि जुलाबाचे जंतू पोटात जाऊ शकतात. ज्याला बाट म्हटलं त्याने पाणी खराब झालं नाही, ज्याला शुद्धी म्हटलं त्याने झालं.

म्हणून शेणाला शिव्या द्यायच्या का? मुळीच नाही. कुजलेल्या शेणखताने जमीन भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते. शेणकिडे शेणाच्या गोळ्या करून जमिनीत पुरतात, माती खालवर करतात, त्यांना मंत्र लागत नाही. शेण टाकीत बंद केलं तर त्यातून जळणारा वायू मिळतो आणि उरलेली मळी चांगलं खत होते. मातीच्या घरात सारवल्याने धूळ बसते, हेही खरं. फक्त त्याने जंतू मरतात हे खरं नाही. सारवताना, गोवऱ्या थापताना हाताला चीर असेल तर हात घालू नका, आणि काम झालं की साबणाने हात धुवा.

गोवरीच्या चुलीबद्दल मात्र बोलावंच लागेल. तो धूर डोळ्यांना झोंबतो तेवढ्यावर थांबत नाही. बंद खोलीत वर्षानुवर्षं तो ओढणाऱ्या बायकांची फुप्फुसं निकामी होत जातात, आणि चुलीजवळ निजवलेल्या लेकरांना न्यूमोनिया लवकर धरतो. सिलिंडर आहे पण भरायला पैसे नाहीत, ही अनेक घरांची अडचण मला माहीत आहे. अशा वेळी निदान चूल दाराबाहेर काढा आणि लेकरू दूर ठेवा.

आता लशीचं. पूर्वी टीटी मिळायची, आता टीडी मिळते. तिच्यात घटसर्पाचीही लस असते. गरोदर बाईने नाव नोंदवताच पहिला डोस आणि चार आठवड्यांनी दुसरा घ्यायचा. आधीच्या गरोदरपणात दोन्ही घेतले असतील आणि तीन वर्षं झाली नसतील तर एकच पुरतो. बाळाला दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना, मग दीड-दोन वर्षांच्या दरम्यान आणि पाच वर्षांनंतर. त्यापुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. हे शेवटचे दोन डोस सगळ्यात जास्त चुकतात.

आणि मोठी माणसं? वस्तीतले सफाई कामगार, नाक्यावरचे बिगारी, भंगार वेचणाऱ्या बायका यांच्या हातापायाला रोज काहीतरी लागतं. गोवर शेजाऱ्याने लस घेतली तर आपल्याकडे यायचा थांबू शकतो. धनुर्वाताचं तसं नाही, ज्याने लस घेतली त्यालाच संरक्षण. एकदा धनुर्वात होऊन माणूस वाचला तरी तो पुन्हा होऊ शकतो, त्यालाही लस लागतेच. जखम झाली की नळाखाली धरून साबणाने खळखळून धुवा. शेण, माती, राख, चुना, चहापूड काही भरू नका. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, कारण तेव्हा लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागू शकतं.