कामगाराची सलामती : धंद्याच्या हिशेबातले विसरलेले कलम

सुताचा भाव, वीजबिल, उधारी आणि दलाली यांचा हिशेब आपण व्यापारी लोक रोज करतो. ज्या माणसाच्या हातून कापड उतरते त्याचे कान, छाती आणि जीव यांचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर या गावांचा संसार मागावर चालतो. म्हणून या कलमाचा विचार आधी आपणच केला पाहिजे.

प्रथम आवाजाचे पाहू. कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी 90 डेसिबल ही आवाजाची हद्द धरलेली आहे. आवाज 95 असेल तर चार तास आणि 100 असेल तर फक्त दोनच तास. साध्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज बहुधा 95 ते 100 च्या घरात असतो आणि पाळी पुष्कळ ठिकाणी बारा तासांची! अशा आवाजाने कानाच्या आतील बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. बहिरेपण हळूहळू येते, त्यामुळे कामगाराला ते उशिरा कळते. कानात घालायचे साधे बोळे थोड्या रुपयांत मिळतात. ते आणून देणे आणि वापरायला लावणे, ही दोन्ही कामे मालकाची आहेत.

दुसरी गोष्ट कापसाच्या धुळीची. या धुळीने ‘बिसिनोसिस’ नावाचा छातीचा आजार होतो. सूतगिरणीत पिंजणीच्या खात्यात त्याचा धोका सर्वात जास्त, विणकामात त्यापेक्षा कमी. त्याची खूण अशी की, सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. जिथे रविवारी सुट्टी तिथे हा त्रास सोमवारी होतो. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून तिथे शनिवारी लक्ष ठेवावे. असा खोकला दिसला की टीबी म्हणून सोडून न देता, कामगार कापसाच्या धुळीत काम करतो हे डॉक्टरांना सांगावे. धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये. ती ओढून घेणारे यंत्र वापरावे किंवा ओल्या फडक्याने पुसून काढावी.

तिसरी आणि सर्वात भयंकर गोष्ट आगीची. 18 मे 2025 रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यांत कामगार होते, तसेच खुद्द मालक आणि त्यांच्या घरातील माणसेही होती. आगीने मालक-मजूर असा भेद केला नाही. 11 सप्टेंबर 2012 रोजी कराचीतील कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक माणसे गेली. तिथे खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याचे दरवाजे बंद होते. माल चोरीला जाईल या भीतीने आपणही रात्री बाहेरून कुलूप लावतो, जिन्यात गठ्ठे रचतो, मोटारीवर आणि उघड्या वायरींवर कापसाची रुई साचू देतो. आतून उघडणारा दुसरा दरवाजा, दाराजवळ मेन स्विच, चांगले अर्थिंग आणि रोजची झाडलोट एवढ्याने पुष्कळ संकट टळते. शेडमध्ये कोणाला झोपू देऊ नये.

बाकीच्या धंद्यांतही तेच. चपलांच्या कारखान्यात चिकटवण्याच्या द्रावणाच्या वाफेने नसा कमजोर होतात. बेकरीत पिठाच्या धुळीने दमा होतो. वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांना इजा होते. जीन्सवर वाळूचा मारा करणाऱ्या तरुणांना सिलिकोसिस झाला, म्हणून तुर्कस्तानने 2009 मध्ये ते काम बंद केले.

आता कायद्याचे. 1948 च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा आणि दहा कामगार असलेला कारखाना येत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही संख्या वीस झाली. आपल्या अनेक शेड त्यामुळे बाहेर राहतात. काही बंधू यावर खूष आहेत, पण नुकसानभरपाई संख्येवर ठरत नाही. विजेवर चालणाऱ्या लहान शेडमध्ये कामगार दगावला तरी मालकावर जबाबदारी येते. 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेत या हिशेबासाठी महिन्याचे वेतन 15,000 रुपयांपर्यंत धरले गेले. त्याचा निम्मा भाग घेऊन तीस वर्षांच्या कामगाराच्या 207.98 या गुणकाने गुणले, तर रक्कम 15,59,850 रुपये होते. लहान मागवाल्याची सगळी पुंजी एवढीच असते! याउलट ईएसआयमध्ये 1 जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के ठरला. नोंद असली तर कामावरच्या अपघाताचा मोबदला ईएसआय देते. दहापेक्षा कमी कामगार असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असल्यास त्यात सामील होता येते.

इथे व्यापाऱ्यालाही एक शब्द सांगायचा आहे. आपण मीटरमागे मजुरी ठरवतो आणि तातडीचा माल मागतो. त्या मजुरीत बोळे, वायरिंग आणि ईएसआय बसत नसेल तर मागवाला ते कोठून करील? सौदा करताना शेडला दुसरा दरवाजा आहे की नाही हेही विचारावे.

मजुराची मजुरी वेळेवर देण्याची ताकीद आपल्या दीनने दिली आहे आणि ती आपल्याला पाठ आहे. कोणाला नुकसान पोचवू नये हा फिकहचा उसूलही तितकाच पक्का आहे. मजुराचे शरीर आपल्या शेडमध्ये बारा तासांची अमानत असते. ती जशी आली तशी घरी परत गेली पाहिजे. येत्या शुक्रवारी माग बंद असतील तेव्हा प्रत्येकाने आपल्या शेडमध्ये एक फेरी मारावी, वायरी पाहाव्यात आणि दरवाजा मोकळा करावा. अल्लाह आपणा सर्वांना तौफीक देवो.